घरची बिअर पहिल्यांदा बाटलीत भरताना: क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

पहिल्या बॅचचं बहुतेक वेळा असं होतं. वर्ट (माल्टचं गोड पाणी) नीट उकळला, थंड केला, यीस्ट टाकलं, दोन आठवडे फर्मेंटरला, म्हणजे आंबवायच्या भांड्याला, हात लावला नाही, आणि शेवटी एका शनिवारी दुपारी तीन तासांच्या गडबडीत सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं. बाटल्या भरणं सोपं दिसतं म्हणून कुणी त्याची तयारी करत नाही.

चुका मात्र ठरलेल्या असतात. आंबणं पुरतं संपायच्या आत बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. साखर चमच्याने अंदाजपंचे घातली तर एका बाटलीचं कारंजं होतं आणि शेजारची गॅसच धरत नाही. बिअर उंचावरून धबाधबा ओतली तर महिन्याभरात तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आणि जुनी बाटली नुसती विसळून घेतली, तर आत काय वाढेल ते सांगता येत नाही.

खालची सगळी मापं एका नमुन्याच्या बॅचसाठी आहेत: १९ लिटर अमेरिकन पेल एल, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५०, साधं कोरडं एल यीस्ट, १८ ते २० अंश सेल्सियसला आंबवलेली. तुमची बिअर वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि ‘घरच्यापुरतं केलं’ ही सबब तिथे चालत नाही. हा लेख परवानगी असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करता येते, पण विकता येत नाही. ब्रिटनमध्येही घरी पिण्यासाठी करायला हरकत नाही, विकायला परवाना लागतो. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या.

## १. आंबणं खरंच संपलंय का?

या टप्प्यावर चुकलात तर पुढे काहीही करून ती चूक सावरता येत नाही.

एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं धरू नका. झाकणाची रबरी कडा नीट बसली नसेल तर गॅस तिथून निघून जातो आणि आत यीस्ट जोरात काम करत असतानाही एअरलॉक गप्प दिसतो. उलट, खोली तापली की विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि आंबून संपलेल्या बिअरच्या एअरलॉकमध्येही बुडबुडे येतात. पाकिटावरच्या ‘१० दिवस’ या आकड्यावरही विसंबू नका. यीस्टला तो आकडा माहीत नसतो.

भरवसा ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीवर. चौदाव्या दिवशी निर्जंतुक केलेल्या नळीने किंवा तोटीतून नमुना घ्या, उंच नळकांड्यात ओता आणि हायड्रोमीटर आत सोडून दोन बोटांत एक गिरकी द्या. गिरकी दिली नाही तर त्याच्या अंगाला गॅसचे बारीक बुडबुडे चिकटतात, तो थोडा वर उचलला जातो आणि ग्रॅव्हिटी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. आकडा द्रवाच्या सपाट पातळीवर वाचा, काचेलगत चढलेल्या कडेवर नको. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात, जुने काही १५.५ अंशांसाठी. नमुना त्या तापमानाला आणूनच वाचा. वाचून झाल्यावर नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका. चाखा. गोड लागला तर तोही एक इशाराच आहे.

तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एकच आले आणि ते अपेक्षेच्या आसपास, म्हणजे आपल्या नमुन्यात १.००९ ते १.०१२ असले, तरच पुढे जा. आकडा १.०१८ वर अडकला असेल तर तो स्थिर आहे म्हणून खूश होऊ नका. फर्मेंटर २१ ते २२ अंशांच्या खोलीत हलवा, यीस्ट जागं होण्यापुरतं अलगद हिंदकळवा आणि आठवडाभर थांबा.

इतका काटेकोरपणा का, ते हिशेबाने बघा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत आंबला की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड वाढतो. एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळलेला. पेल एलला २.४ व्हॉल्यूम लागतात. आंबायचे चार पॉइंट शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर वरचे दोन व्हॉल्यूम धरून आकडा ४.४ वर जातो. साध्या बिअरच्या बाटलीत ३ च्या वर जाऊ नये, असा दंडक आहे.

सावधान: रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा इथे जसाच्या तसा घेऊ नका. बिअरमध्ये अल्कोहोल आलं की तो चुकीचं दाखवतो आणि दुरुस्तीचं सूत्र वापरावं लागतं. सेझों या बेल्जियन धर्तीच्या बिअरसाठी विकल्या जाणाऱ्या काही यीस्टांकडेही लक्ष द्या. पाकिटावर ‘डायस्टॅटिकस’ असं लिहिलेलं असेल तर ते यीस्ट आठवडेच्या आठवडे हळूहळू खात राहतं. पहिल्या बॅचला ते नकोच.

आकडे जुळले आणि फ्रिजमध्ये जागा असेल तर फर्मेंटर दोन दिवस २ ते ४ अंशांवर ठेवा. साका घट्ट बसतो आणि बिअर निवळ निघते. एअरलॉकमधलं पाणी मात्र आधी काढून तिथे निर्जंतुक फॉइल बांधा, कारण थंड होताना आतली हवा आकसते आणि ते पाणी बिअरमध्ये ओढलं जातं. यीस्ट सगळं खाली बसेल आणि मग गॅस कसा होणार, ही भीती नको. निवळ दिसणाऱ्या बिअरमध्येही कामापुरतं यीस्ट तरंगत असतं. फ्रिज नसेल तर हा भाग सोडून द्या, बिअर थोडी गढूळ होईल इतकंच.

## २. बाटल्या: कोणत्या आणि किती

१९ लिटरपैकी तळाच्या गाळात एखादा लिटर जातो. हातात १८ लिटर येतात, म्हणजे ३३० मिलीच्या ५४ किंवा अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. चार-पाच जास्तीच्या काढून ठेवा, एखादी ऐनवेळी तडकलेली निघतेच.

बाटली तपकिरी घ्या. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांचं असं संयुग बनतं, की उन्हात काही मिनिटांतच बिअरला उग्र, नकोसा वास येतो.

ज्या बाटलीचं झाकण हाताने फिरवून निघतं, ती घेऊ नका. तिच्या तोंडाला आटे असतात आणि हाताच्या कॅपरने बसवलेलं झाकण त्यांवर नीट आवळत नाही. ओपनरने उघडावी लागते तीच बाटली कामाची. तिच्या मानेवर, ओठाच्या खाली, एक जाड कडं हवं, कारण दोन हातांच्या कॅपरचे जबडे त्यालाच धरतात. झाकणं २६ मिमीची. युरोपातल्या काही बाटल्यांना २९ मिमीचं झाकण लागतं, ढीगभर जमवण्याआधी एक बसवून पाहा. तारेच्या आकड्याने बंद होणाऱ्या बाटल्या छान असतात, फक्त त्यांचं रबर कडक झालेलं नसावं. मुरांब्याची बरणी, वाइनची बाटली किंवा शोभेची चौकोनी बाटली मुळीच वापरू नका, ती या दाबासाठी बनवलेलीच नसते.

दाब किती, तर २० अंशांना २.४ व्हॉल्यूमच्या बाटलीत कारच्या टायरमध्ये असतो त्याहून थोडाच कमी समजा.

सोड्याची अर्ध्या लिटरची एक प्लॅस्टिकची बाटलीही बाजूला ठेवा. ती पुढे उपयोगी पडेल.

खात्री करा: प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तळाशी बघा. तिथे वाळलेल्या यीस्टचं पिवळट कडं किंवा काळा ठिपका दिसला तर ती भिजत घाला, आणि तरी निघालं नाही तर फेकून द्या. ओठाला टवका गेलेली बाटली सरळ बाद.

## ३. धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

ही दोन कामं एकच समजणं ही फार जुनी चूक. मळावर सॅनिटायझर ओतला तर मळाच्या वरचा भाग तेवढा निर्जंतुक होतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू न देणाऱ्या घरात हे जास्त समजवायला लागू नये.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट किंवा पीबीडब्ल्यू नावाची बिअरची भांडी धुवायची पावडर वापरा. ५० ते ६० अंशांच्या गरम पाण्यात लिटरला ५ ते ८ ग्रॅम परकार्बोनेट घालून बाटल्या रात्रभर बुडवून ठेवा. लेबलं सकाळी आपोआप तरंगत येतात. मग बाटलीचा ब्रश फिरवून दोन-तीन पाण्यांनी खळखळून काढा. हे काम आदल्या दिवशी उरका, भरायच्या दिवशी ठेवू नका. भांड्याचा साबण शक्यतो टाळा, त्याचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही. डिशवॉशरमध्ये घालत असाल तर चकाकीचा द्राव बंद करा, कारण तेच.

निर्जंतुक करायला स्टार सॅनसारखा आम्ल सॅनिटायझर सोयीचा: लिटरला १.५ मिली, पृष्ठभाग दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे, नंतर धुवायचं नाही. बाटलीत फेस राहतो, त्याला घाबरू नका, तसाच राहू द्या. पुष्कळ जण तो फेस नळाच्या पाण्याने धुतात आणि केलेलं काम मोडतात. पाणी जड असेल तर द्रावण गढूळ होतं आणि त्याचा जोर कमी होतो, अशा ठिकाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या.

सगळ्यात जास्त दगा देते ती बाटली भरायच्या बादलीची तोटी. बाहेरून ती स्वच्छ दिसते, पण आत फिरणाऱ्या भागामागे मागच्या वेळची बिअर चिकट थरासारखी वाळलेली असते. तोटी काढा, तिचे भाग सुटे करा, गरम पाण्यात भिजवा, बारीक ब्रशने घासा, निर्जंतुक करा आणि मगच परत बसवा. नळ्या आतून पिवळ्या किंवा चिकट झाल्या असतील तर नव्या आणा, त्या फारशा महाग नसतात.

सावधान: घरगुती ब्लीच वापरलंच तर भरपूर धुवावं लागतं, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. आणि ब्लीच आम्ल सॅनिटायझरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

## ४. साखर: मोजून, वजन करून

बाटलीत गॅस होतो तो भरताना घातलेल्या थोड्या साखरेमुळे. यीस्ट ती खातं, गॅसला बाहेर जायला वाट नसते, तो बिअरमध्ये विरघळतो. म्हणून साखर किती हाच सगळा प्रश्न.

आंबून झालेल्या बिअरमध्ये आधीच थोडा गॅस असतो. २० अंशांना तो सुमारे ०.८६ व्हॉल्यूम, १० अंशांना सुमारे १.२. इथे धरायचं ते आंबणं संपल्यानंतर बिअरने गाठलेलं सगळ्यात जास्त तापमान. बिअर २० अंशांना आंबली आणि नंतर दोन दिवस फ्रिजमध्ये होती, तर हिशेब २० अंशांचाच. फ्रिजमधला आकडा धरला की साखर कमी पडते.

एक व्हॉल्यूम गॅस वाढवायला लिटरला साधारण ४ ग्रॅम साधी पांढरी साखर लागते. पेल एलसाठी २.४ वजा ०.८६, म्हणजे १.५४ व्हॉल्यूम हवे, म्हणजे लिटरला सुमारे ६.२ ग्रॅम. १८ लिटरला ११० ग्रॅम पुरे. दुकानातली डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर) असेल तर साधारण दहा टक्के जास्त, म्हणजे १२० ग्रॅम. इंग्लिश बिटरला १.८ व्हॉल्यूम धरले तर १८ लिटरला ६८ ग्रॅम साखर. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरला ३ व्हॉल्यूम, म्हणजे १५५ ग्रॅम, पण ती जाड काचेच्या बाटलीतच भरा.

लिटरही प्रत्यक्षात मोजा. रेसिपीत १९ लिटर लिहिलेलं असतं, तुमच्या बादलीत १६ च असू शकतं. १९ लिटरची साखर १६ लिटरला घातली तर २.४ चे २.७ होतात. बादलीवर लिटरच्या खुणा नसतील तर आधीच पाणी ओतून मार्करने करून घ्या.

वजनाला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो. ‘बाटलीला अर्धा चहाचा चमचा’ ही पद्धत सोडा. चमचा भरताना हात कसा पडला यावर गॅस ठरतो. बाटलीगणिक साखर घालायचीच असेल तर ठरलेल्या वजनाच्या कार्बोनेशन गोळ्या घ्या, बहुतेक ब्रँडांच्या पाकिटावर ३३० मिलीला एक असं माप असतं.

गूळ चालेल का? गॅस होईल, पण प्रत्येक ढेपेत ओल आणि आंबणारी साखर वेगवेगळी असते, म्हणून आकडा हाती लागत नाही. पहिल्या बॅचला पांढरी साखरच. या मापात तिची चव लागत नाही.

साखर छोट्या पातेल्यात २५० मिली पाण्यात घालून पाच मिनिटं उकळा, वर झाकण ठेवून कोमट होऊ द्या. हा पाक नाही, एकतारी वगैरे करायला जाऊ नका.

## ५. मांडणी

आदल्या रात्री फर्मेंटर उचलून ओट्यावर ठेवा, म्हणजे हलल्याने उठलेला साका सकाळपर्यंत बसेल. एका बाजूला खाली जाडसर पुस्तक सरकवा. गाळ एका कोपऱ्यात सरकतो आणि शेवटची बिअर निवळ मिळते. ऐन भरायच्या वेळी फर्मेंटर उचलणाऱ्याला तळाचा चिखल बाटलीत मिळतो.

भरायची बादली खाली जमिनीवर, तोटी बंद. सॅनिटायझरने भरलेली दुसरी बादली हाताशी, तिच्यात ऑटोसायफन (बिअर उतरवायला सुरुवात करून देणारा हातपंप), नळ्या, भरायची दांडी, मोठा डाव आणि एका वाटीत झाकणं. ऑक्सिजन शोषणारी झाकणं भिजत ठेवू नका. ओली झाली की त्यांचं काम लगेच सुरू होतं, म्हणून ती लावायच्या क्षणी बुडवून काढा. दोन माणसं असतील तर एकाने भरावं, एकाने झाकण लावावं. एकट्याने हेच काम तीन तास खातं.

खात्री करा: तोटी बंद आहे ना? हसू नका, निम्म्या बिअरचा सडा फरशीवर याच एका कारणाने पडतो. आधी बादलीत दोन लिटर सॅनिटायझर घालून गळती बघा.

## ६. बिअर बादलीत उतरवणं

साखरेचं कोमट पाणी रिकाम्या बादलीत आधी ओता. बिअर नंतर. उलट केलंत तर साखर तळाशी जाते किंवा ढवळताना हवा मिसळते.

सायफनची नळी बादलीच्या तळापर्यंत सोडा आणि शेवटचा वीतभर भाग भिंतीलगत वाकवा, म्हणजे बिअर गोल फिरत भरेल आणि साखर आपोआप मिसळेल. नळीचं टोक सतत बिअरखाली बुडालेलं असावं. वरून धार पडत असेल तर प्रत्येक सेकंदाला हवा मिसळते आहे. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नका, तोंडात दही लावण्याइतके जंतू असतात.

सायफनचं वरचं टोक गाळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. पातळी खाली येईल तसं खाली न्या. गाळ ओढला जायला लागला की थांबा. शेवटचा अर्धा लिटर वाचवायला गेलात तर त्या गाळाची चव सगळ्या बाटल्यांत वाटली जाते. कोरडे हॉप्स घातले असतील तर नळीच्या टोकाला निर्जंतुक केलेली जाळी बांधा. हॉप्सचे कण बाटलीत गेले की उघडताना गॅस त्यांच्याभोवती सुटतो आणि बाटली उतू जाते.

भरून झाल्यावर डावाने तळापासून पाच-सहा वेळा हळूच गोल फिरवा. फेस यायला लागला तर हात जड पडतोय. बाटल्या अर्ध्या भरून झाल्या की पुन्हा एकदा दोन वेढे.

## ७. बाटल्या भरणं

आता बादली ओट्यावर, बाटल्या खाली. डिशवॉशर असेल तर त्याचं उघडं दार ही उत्तम जागा, सांडलेली बिअर आतच जाते. तोटीला आखूड नळी आणि नळीला भरायची दांडी लावा. दांडीच्या टोकाला स्प्रिंगची झडप असते, ती तळाला टेकली की बिअर येते, उचलली की थांबते.

दांडी थेट तळाला टेकवा. बिअर खालून वर चढू द्या. अगदी काठापर्यंत, ओठाला टेकेल इतकी भरा आणि दांडी बाहेर काढा. दांडीने व्यापलेली जागा रिकामी झाली की पातळी आपोआप तीनेक सेंटिमीटर खाली येते. हीच हवी असलेली मोकळी जागा, वेगळं मोजायला नको. दांडी न वापरता तोटीतून थेट भरणाऱ्यांच्या बाटल्यांत फेसच फेस होतो आणि पातळी कधीच सारखी येत नाही.

नळीत मोठे बुडबुडे दिसले तर कुठलातरी जोड सैल आहे, तिथून हवा आत येते आहे. थांबून घट्ट करा.

पहिली बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दाबून वरची हवा काढा आणि चपटी असतानाच झाकण लावा. काचेची शेवटची बाटली अर्धीच भरली तर ती ठेवू नका, लगेच प्या. त्यातल्या हवेने ती लवकर शिळी होईल.

## ८. झाकण

भरलेल्या बाटल्यांवर झाकणं नुसती ठेवून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. बिअरमधून सुटणारा थोडा गॅस वरची हवा बाहेर ढकलतो. मग आवळा.

बाटली जमिनीवर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, गुळगुळीत ओट्यावर ती सरकते. कॅपर सरळ उभा बसवा आणि दोन्ही हात एकाच वेगाने खाली आणा. एक हात आधी दाबला की कॅपर कलतो, आणि मानेवर तिरका जोर आला की काच चिरते. जाड हातमोजे घाला. जोर जास्त लागत असेल तर बाटलीच्या मानेचं कडं या कॅपरला जुळत नाही, ती बाटली बाजूला ठेवा.

खात्री करा: झाकणाची कंगोऱ्यांची कडा सगळीकडून सारखी खाली वळलेली हवी. अंगठ्याने फिरवून बघा, हललं तर काढून नवीन लावा. एक-दोन बाटल्या पाच मिनिटं आडव्या करून ओल येते का ते पाहा.

झाकणावर मार्करने तारीख टाका. दुसरी बॅच आल्यावर कुठली कोणती हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

## ९. उबेत ठेवणं

दोन आठवडे, २० ते २४ अंशांना, अंधारात. खोली १८ च्या खाली असेल तर तीन-चार आठवडे धरा. आठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेल्या बिअरला महिना-दीड महिना लागू शकतो. २८ च्या वर गेलं तर चव लवकर उतरते आणि बाटलीतला दाबही वाढतो. म्हणूनच उन्हाळ्यात गॅरेज ही जागा नाही.

बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नकोत, म्हणजे साका तळाशी बसेल. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून वर जाड चादर टाका, फुटलीच तर काचा आत राहतात. पलंगाखाली आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका.

आता ती प्लॅस्टिकची बाटली रोज अंगठ्याने दाबून बघा. दोन-तीन दिवसांत चपटेपणा जातो, आठवड्यात टणक व्हायला लागते. दगडासारखी झाली की काचेच्या बाटल्यांतही गॅस झाला आहे. तीन-चार दिवसांतच दगडासारखी झाली तर पुढचा भाग आत्ताच वाचा.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा: दसऱ्याला भरलेली बाटली दिवाळीला तयार. मधले वीस दिवस, चौदा उबेचे, तीन फ्रिजचे आणि बाकी धीराचे.

उघडण्याआधी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवाच. तासाभराने बिअर थंड लागते, पण वरच्या जागेतला गॅस तोवर पुरता विरघळलेला नसतो. पहिली बाटली सिंकवर उघडा. ग्लासमध्ये एका धारेत ओता आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा, तो यीस्टचा साका आहे. बाटली तिथल्या तिथे गरम पाण्याने तीनदा विसळली तर पुढच्या वेळी रात्रभर भिजवायची गरज उरत नाही.

## १०. बिघाड ओळखणं

गॅसच नाही. दोन आठवडे झाले असतील तर बहुधा खोली थंड आहे. बाटल्या २२ ते २४ अंशांत हलवा, एकदा उलट्या करून साका उठवा आणि आणखी आठवडाभर थांबा. बाटल्या उघडून पुन्हा साखर घालू नका, तो शेवटचा उपाय. काहींत आहे आणि काहींत नाही, तर साखर नीट मिसळली नव्हती किंवा काही झाकणं सैल आहेत.

सगळ्याच बाटल्या उतू जातात. चव चांगली असेल तर साखर जास्त झाली किंवा घाईत भरली. बॅच ताबडतोब फ्रिजमध्ये टाका, थंडीत यीस्ट जवळजवळ थांबतं आणि दाब उतरतो. हात लावण्याआधी डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे, लांब बाह्या. एखादी आधीच फुटली असेल तर बाकीच्या हलवण्याची घाई करू नका, जाड चादर टाकून खोली थंड करा आणि काही तासांनी जा. पूर्ण थंड झाल्यावर बाटलीभोवती टॉवेल गुंडाळून झाकण किंचित उचला, फुस्स झालं की थांबा, परत उचला. पूर्ण दाब गेला की नवं झाकण लावा.

पुठ्ठ्याची किंवा शिळ्या कागदाची चव. ऑक्सिजन. टप्पा ६ किंवा ७ मध्ये कुठेतरी धार उंचावरून पडली. या बॅचला इलाज नाही, लवकर संपवा.

आंबट, आणि मानेत बिअरच्या पातळीवर एक पांढुरकं कडं. जंतू. इथे बाटल्या मोजा. एक-दोनच अशा असतील तर त्या बाटल्या नीट धुतल्या गेल्या नव्हत्या. सगळ्याच असतील तर दोष बादलीत, नळीत किंवा तोटीत आहे. नळी आणि तोटी फेका, बादलीला आतून ओरखडे असतील तर तीही.